जेसन मजकूर पायथनच्या व्हेरिएबलमध्ये आणताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जेसन (डेटा साध्या मजकुरात मांडायची एक पद्धत) फाइल वाचणारी स्क्रिप्ट चालत नाही, अशी तक्रार फारशी येत नाही. स्क्रिप्ट व्यवस्थित चालते, एररही येत नाही आणि उत्तर मात्र चुकतं, ही तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. फाइल उघडणं, मजकूर पार्स करणं (म्हणजे त्यातली रचना ओळखून डेटा वेगळा काढणं), हाती आलेला डेटा तपासणं आणि तो योग्य प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवणं ही चार वेगळी कामं एका ओळीत कोंबलेली असतात. मग चूक एका पायरीवर होते आणि दिसते चौथ्या पायरीवर. म्हणून खालचे टप्पे वेगवेगळेच ठेवा, निदान पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिताना तरी.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो: पर्जन्यमापक केंद्रांकडून आलेल्या नोंदींची फाइल. प्रत्येक नोंदीत केंद्राचा क्रमांक, वेळ, पाऊस आणि यंत्र चालू आहे की नाही, अशा चार की (म्हणजे नावं, प्रत्येकीसमोर तिची व्हॅल्यू) आहेत. पायथन ३.७ किंवा त्यापुढची आवृत्ती पुरेशी आहे. जेसन मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रिप्टमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## तयारी: कोड लिहिण्याआधीची पंधरा मिनिटं

मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसरी प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. स्प्रेडशीटमध्ये उघडू नका, कारण ती स्वतःच्या मर्जीने तारखा बदलते आणि क्रमांकांपुढची शून्यं खाऊन टाकते. सुरुवातीच्या वीसेक ओळी वाचा आणि शेवटच्या दहा ओळीही वाचा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल सुरुवातीला अगदी निरोगी दिसते. तिचा शेवटचा कंस नाही, हे तळाशी गेल्यावरच कळतं.

आता सर्वात बाहेरचा कंस पाहा. महिरपी कंस असेल तर हाती डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या) येणार, चौकोनी असेल तर लिस्ट (यादी). आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे महिरपी कंसात सुरू होऊन त्याच ओळीत संपत असेल, ओळींमध्ये स्वल्पविराम नसेल, तर ती एक जेसन फाइल नाहीच. तो 'जेसन लाइन्स' नावाचा वेगळा मांडणीप्रकार आहे, त्याची वाट दुसऱ्या टप्प्यात वेगळी होते.

मग कागदावर तक्ता करा: कीचं नाव, अपेक्षित प्रकार, ती असायलाच हवी की नाही, तिची व्हॅल्यू 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') असू शकते का, आणि एकक कोणतं. हा तक्ता फार जण टाळतात. नंतर कोडमध्ये जे 'इफ' लिहायचे असतात ते सगळे या तक्त्यातूनच निघतात, त्यामुळे इथे वाचवलेला वेळ पुढे दुपटीने जातो.

तपासणी: फाइलमध्ये अंदाजे किती नोंदी असाव्यात, हा आकडा तुमच्याकडे आहे का? तीस दिवस, रोज चार वाचनं, दहा केंद्रं म्हणजे १२०० नोंदी. हा आकडा आत्ताच लिहून ठेवा.

## टप्पा १: बाइटपासून मजकुरापर्यंत

फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट असतात. त्यांची अक्षरं कोणत्या नियमाने करायची, हे एन्कोडिंग ठरवतं. एकमेकांशी देवाणघेवाण करायच्या जेसनसाठी यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग वापरायचं, असं २०१७ च्या आरएफसी ८२५९ या मानकात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून 'ओपन' फंक्शनला एन्कोडिंग नेहमी स्वतः सांगा. न सांगितल्यास पायथन संगणकाच्या सेटिंगवरून अंदाज करतं आणि विंडोजवर तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. एन्कोडिंग चुकलं की एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात, ती याचमुळे.

दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त छळते. काही प्रोग्राम फाइल साठवताना सुरुवातीला 'बीओएम' नावाची अदृश्य खूण टाकतात. एडिटरमध्ये फाइल शंभर टक्के बरोबर दिसते आणि जेसन मॉड्यूल पहिल्याच अक्षरावर अडतं. उपाय सोपा आहे: एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-सिग' द्या. खूण असेल तर ती गाळली जाते, नसेल तर काहीच बिघडत नाही.

सावधान: डीकोडिंगची एरर आली की 'एरर्स' या पॅरामीटरला 'इग्नोर' देऊन मोकळं व्हायची सवय लावून घेऊ नका. न समजलेले बाइट त्याने गुपचूप टाकून दिले जातात. एखाद्या नावातली मात्रा गळते, ते नाव दुसऱ्या यादीतल्या नावाशी जुळत नाही, आणि तुम्ही तासभर भलतीकडेच शोधत बसता.

तपासणी: मजकूर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्याची पहिली ऐंशी अक्षरं 'रेप्र' फंक्शनमधून छापा. साध्या 'प्रिंट'मध्ये न दिसणाऱ्या खुणा 'रेप्र' उघड्या पाडतं.

## टप्पा २: मजकुरापासून रचनेपर्यंत

इथे दोन फंक्शनची गल्लत होते. 'जेसन.लोड' उघडलेली फाइल घेतं. 'जेसन.लोड्स' मजकूर घेतं, शेवटचा 'स' म्हणजे स्ट्रिंग. 'लोड्स'ला फाइलचं नाव दिलं तर ते फाइल उघडत नाही, नावालाच जेसन समजून वाचू लागतं आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर 'एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू' म्हणत थांबतं.

हीच एरर आणखी दोन कारणांनी येते: मजकूर पूर्ण रिकामा असणं, किंवा सर्व्हरने जेसनऐवजी चूक झाल्याचा संदेश देणारं एचटीएमएल पान पाठवणं. त्यामुळे ही एरर दिसली की जेसनचे नियम तपासण्याआधी हाती नेमकं काय आलंय ते छापून पाहा. नेटवर्कवरून डेटा घेत असाल तर आधी स्टेटस कोड (विनंती यशस्वी झाली की नाही हे सांगणारा सर्व्हरचा आकडा) तपासा, मग पार्स करा. हा क्रम उलटा करू नका.

एररमध्ये ओळ आणि स्तंभाचा क्रमांक असतो, तो खरोखर वाचा. दाखवलेल्या जागी किंवा तिच्या जरा आधी खालीलपैकी काहीतरी सापडतं: शेवटच्या घटकानंतर राहिलेला स्वल्पविराम, एकेरी अवतरणचिन्हं, कोणीतरी लिहून ठेवलेली टिप्पणी, किंवा आकड्यापुढचं फालतू शून्य. जेसनमध्ये हे चारही चालत नाही. आकडेही ० ते ९ या इंग्रजी अंकांतच हवेत. देवनागरी अंक अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, कितीही चालतील. उदाहरणार्थ हा तुकडा पूर्णपणे वैध आहे:

{"केंद्र": "००७", "शेरे": ["झाकण सैल", "जाळी साफ केली"]}

'एक्स्ट्रा डेटा' ही एरर आली तर बहुधा तुमची फाइल जेसन लाइन्स आहे. मग पूर्ण फाइल एकदम 'लोड' न करता ओळीमागून ओळ घ्या, रिकामी ओळ सोडून द्या आणि प्रत्येक ओळीला 'लोड्स' लावा. फाइल खूप मोठी असेल तर हाच प्रकार बरा, कारण 'जेसन.लोड' संपूर्ण फाइल मेमरीत ओढून घेतं.

आता एका घातक दुरुस्तीबद्दल. एकेरी अवतरणचिन्हं दिसली की काही जण 'रिप्लेस' वापरून सगळी दुहेरी करून टाकतात. मजकुराच्या आत कुठे अ‍ॅपॉस्ट्रॉफी असेल तर तिथे स्ट्रिंग मध्येच तुटते. एकेरी अवतरणचिन्हं असणं याचा अर्थ बहुतेकदा असा, की कोणीतरी पायथनची डिक्शनरी 'प्रिंट' करून फाइलमध्ये टाकली आहे. पाठवणाऱ्याला 'जेसन.डम्प' (डेटा जेसन म्हणून फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन) वापरायला सांगणं हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर 'एएसटी' मॉड्यूलमधलं 'लिटरल इव्हॅल' वापरा, ते फक्त साध्या व्हॅल्यू वाचतं.

सावधान: नुसतं 'इव्हॅल' कधीही नाही. बाहेरून आलेल्या मजकुरात लिहिलेला कोड ते तुमच्या संगणकावर चालवतं. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली, हे कारण पुरेसं नाही.

## टप्पा ३: हाती काय आलं ते ओळखा

पार्स झालं म्हणजे बाहेरचा महिरपी कंस डिक्शनरी होतो, चौकोनी कंस लिस्ट होतो, अवतरणचिन्हांतला मजकूर स्ट्रिंग होतो. दशांश चिन्ह किंवा घातांक असलेला आकडा फ्लोट होतो, नसलेला इंट. 'ट्रू' आणि 'फॉल्स' पहिलं अक्षर मोठं करून येतात, आणि 'नल'चं पायथनमध्ये 'नन' होतं.

लगेच तीन गोष्टी छापा: बाहेरच्या व्हेरिएबलचा 'टाइप', त्याची लांबी, आणि सगळ्या नोंदींत मिळून येणाऱ्या कींचा संच. पहिल्या एकाच नोंदीच्या की पाहून पुढे जाऊ नका. पाचशेव्या नोंदीत 'पाऊस'च्या शेवटी एक स्पेस चिकटलेली असते, आणि पायथनच्या दृष्टीने ती वेगळीच की असते.

'टाइप' स्ट्रिंग निघाला तर दचकू नका. पाठवणाऱ्याने जेसनचं पुन्हा जेसन केलं आहे, एकदा आणखी 'लोड्स' करा. पण दर वेळी आंधळेपणाने दोनदा करू नका. प्रकार तपासून मगच करा.

एका नोंदीत तीच की दोनदा आली तर पायथन तक्रार करत नाही. शेवटची व्हॅल्यू ठेवतं, आधीची टाकतं. डेटा हाताने जोडलेला असण्याची शक्यता असेल तर 'ऑब्जेक्ट पेअर्स हुक' या पॅरामीटरला एक छोटं फंक्शन द्या. त्याला प्रत्येक ऑब्जेक्टच्या जोड्या मूळ क्रमाने मिळतात, की पुन्हा दिसली की तिथेच एरर द्यायची.

## टप्पा ४: नाही, रिकामं आणि शून्य

या टप्प्यावर जास्त वेळ थांबा. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुकीची उत्तरं इथेच तयार होतात, आणि एकही एरर येत नाही.

समजा एका केंद्राची चार वाचनं आहेत: १२, ०, नल आणि १८. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नल म्हणजे वाचन झालंच नाही. सरासरी तीन वाचनांची काढायची: ३० भागिले ३, म्हणजे १०.

आता 'नोंद.गेट("पाऊस") ऑर ०' असं लिहिलं, तर नलचा शून्य होतो. बेरीज तीच राहते, वाचनं चार होतात, सरासरी ७.५ येते. दुसऱ्या कोणी 'इफ पाऊस:' अशी अट घालून नल गाळायचा प्रयत्न केला, तर पायथनमध्ये शून्यही खोटं ठरत असल्यामुळे कोरडा दिवसही गळतो. वाचनं उरतात दोन, सरासरी १५. एकाच डेटाची ७.५, १० आणि १५ अशी तीन उत्तरं आली, आणि तिन्ही स्क्रिप्ट विनातक्रार चालल्या.

मी स्वतः यातली पहिली चूक केली आहे. बॅटरी संपलेले दिवस कोरडे म्हणून मोजले गेले होते, आणि ते लक्षात यायच्या आत त्या सरासरीवरून पुढचे दोन तक्ते तयार झाले होते. तेव्हापासून आकड्यांच्या बाबतीत मी 'इज नन' हीच अट लिहितो, दुसरी नाही.

आणखी एक सापळा 'गेट'च्या दुसऱ्या पॅरामीटरचा आहे. 'गेट("पाऊस", ०)' यातला शून्य फक्त की नसेल तेव्हाच मिळतो. की आहे पण व्हॅल्यू नल आहे, अशा वेळी तुम्हाला 'नन'च मिळतं. म्हणून 'गेट'ला 'गेट' जोडून खोलवरची व्हॅल्यू काढताना मधली पायरी नल असली की स्क्रिप्ट मध्येच कोसळते.

तेव्हा तक्ता समोर ठेवा आणि प्रत्येक कीसाठी ठरवा. की असायलाच हवी असेल तर 'गेट' वापरू नका, सरळ चौकोनी कंसाने मागा, म्हणजे नसल्यास 'की एरर' येईल. ती एरर आपल्याला हवीच आहे. की ऐच्छिक असेल तर 'गेट' वापरा आणि 'नन' आलं तर पुढे काय करायचं ते स्पष्ट लिहा.

सावधान: 'वाचन नाही' हे सांगायला सगळेच नल वापरत नाहीत. रिकामी स्ट्रिंग येते, एखादा डॅश येतो, हवामानाच्या डेटात उणे ९९९ सारखा अशक्य आकडाही येतो. हे सगळे इथेच 'नन' करून घ्या. शिवाय जेसनच्या मानकात नसलेला 'नॅन' ('ही संख्या नाही' अशी खूण) पायथनचं मॉड्यूल निमूट स्वीकारतं. एक नॅन बेरजेत शिरला की पूर्ण बेरीज नॅन होते. 'पार्स कॉन्स्टंट' पॅरामीटरला एरर देणारं फंक्शन दिलं की तो दारातच अडतो.

## टप्पा ५: प्रत्येक व्हॅल्यूचा प्रकार पक्का करा

क्रमांक आणि संख्या यांत फरक करा. ज्याची कधी बेरीज करणार नाही तो क्रमांक, आणि तो स्ट्रिंगच राहू द्या. केंद्र '००७' ला इंट केलं की ७ उरतो आणि दुसऱ्या फाइलशी जुळत नाही. फार मोठे ओळख-क्रमांक आकडा म्हणून येत असतील तर पाठवणाऱ्याला ते अवतरणचिन्हांत पाठवायला सांगा. पायथनचा इंट कितीही मोठा चालतो, पण वाटेत जावास्क्रिप्ट असेल तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंक बदलू शकतात, आणि ते तुमच्यापर्यंत येण्याआधीच बदललेले असतात.

दशांश अचूक हवे असतील, पैशांचे हिशेब वगैरे, तर 'पार्स फ्लोट' पॅरामीटरला 'डेसिमल' द्या. हे पार्स करतानाच करावं लागतं. आधी फ्लोट होऊ देऊन मग डेसिमल केलं तर फ्लोटची चूक तशीच पुढे येते. पावसाच्या मिलिमीटरसाठी फ्लोट पुरे.

खरं-खोटं दाखवणाऱ्या व्हॅल्यूकडे नीट पाहा. अवतरणचिन्हांत 'फॉल्स' लिहून आलं असेल तर ती स्ट्रिंग आहे, आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग 'बूल' फंक्शनला खरीच वाटते. बंद पडलेलं यंत्र चालू दिसतं ते असं. स्वीकारायच्या शब्दांची छोटी डिक्शनरी करा, तिच्यात नसलेला शब्द आला की एरर द्या. उलट बाजूने, पायथनमध्ये बूल हा इंटचाच उपप्रकार आहे. त्यामुळे 'इझ इन्स्टन्स'ने इंट तपासताना 'ट्रू' सहज पास होतो. आकडा तपासण्याआधी बूल वेगळा काढा.

वेळेसाठी जेसनमध्ये प्रकारच नाही, ती स्ट्रिंग म्हणूनच येते. आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहायचं आंतरराष्ट्रीय मानक) पद्धतीत असेल तर 'डेटटाइम'चं 'फ्रॉम आयसो फॉरमॅट' वापरा. शेवटी 'झेड' असेल तर ते पायथन ३.११ पासूनच समजतं. त्याआधीच्या आवृत्तीत त्या जागी शून्य तासांचा फरक (+00:00) लिहून मग रूपांतर करा. काही वेळांना टाइमझोन आहे आणि काहींना नाही, अशी सरमिसळ ठेवू नका. लहान-मोठी तुलना करताना पायथन एरर देतं, पण बरोबरी तपासताना नुसतं 'फॉल्स' म्हणतं आणि तुम्हाला काही कळत नाही.

## टप्पा ६: व्हेरिएबलला नाव द्या

इथे थोडक्यात एकच विनंती. डिक्शनरीतल्या प्रत्येक कीचं आपोआप स्वतंत्र व्हेरिएबल करण्यासाठी 'ग्लोबल्स'मध्ये (स्क्रिप्टभर दिसणाऱ्या नावांच्या डिक्शनरीत) डेटा ओतू नका. फाइलमध्ये 'लिस्ट' नावाची की आली तर तुमचं 'लिस्ट' फंक्शन झाकलं जातं. नोंदीचा आकार ठरलेला असेल तर डेटाक्लास (ठरलेल्या फील्डचा साचा) करा, त्यात चार फील्ड लिहा, आणि नावातच एकक घाला: नुसतं 'पाऊस' नको, 'पाऊस_मिमी' हवं. डेटाक्लासमध्ये लिहिलेले प्रकार पायथन स्वतः तपासत नाही, म्हणून पाचवा टप्पा टाळता येत नाही.

## टप्पा ७: नाकारलेल्या नोंदी आणि मोजणी

प्रत्येक नोंद बदलणारं एक फंक्शन करा आणि ते लूपमध्ये 'ट्राय'च्या आत बोलवा. 'एक्सेप्ट'मध्ये 'की एरर', 'व्हॅल्यू एरर' आणि 'टाइप एरर' नाव घेऊन पकडा. नुसतं 'एक्सेप्ट' आणि खाली 'पास' लिहिलं तर तुमच्या स्वतःच्या कोडमधली चूकही डेटाची चूक म्हणून गडप होते. अडलेली नोंद फेकू नका. तिचा अनुक्रमांक, कारण आणि मूळ मजकूर वेगळ्या लिस्टमध्ये ठेवा.

तपासणी: स्वीकारलेल्या अधिक नाकारलेल्या नोंदी बरोबर एकूण नोंदी, आणि तो एकूण आकडा तयारीत लिहिलेल्या १२०० च्या जवळ. पहिली बरोबरी एकाने जरी चुकली तरी पुढे जाऊ नका.

डेटा परत लिहायचा असेल तर 'डम्प' करताना 'एन्शुअर आस्की'ला 'फॉल्स' द्या, नाहीतर देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे सांकेतिक क्रमांक लिहिले जातात. ते चूक नाही, पण माणसाला वाचता येत नाही. लिहिलेली फाइल पुन्हा लोड करून मूळ डेटाशी ताडून पाहा. डिक्शनरीच्या की इंट असतील तर परत येताना त्या स्ट्रिंग झालेल्या असतात, आणि टपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) लिस्ट झालेली असते.

शेवटी सहा नोंदींची एक छोटी चाचणी-फाइल बनवून स्क्रिप्टशेजारी ठेवा: एक सरळ नोंद, एक शून्य पावसाची, एक नल पावसाची, एक 'पाऊस' ही कीच नसलेली, एक '००७' केंद्राची, आणि एक अवतरणचिन्हांत 'फॉल्स' असलेली. 'पाऊस' की सक्तीची ठरवली असेल तर पाच स्वीकारल्या जाऊन एक नाकारली गेली पाहिजे. पाचांपैकी एकीत पाऊस 'नन', एकीत शून्य, केंद्र तीन अक्षरी, आणि शेवटच्या नोंदीतलं यंत्र बंद. स्क्रिप्टमध्ये एक ओळ जरी बदलली तरी मोठ्या फाइलआधी ही फाइल चालवा.